बेबीताई पाणी घेत नाहीत

बेबीताई इंगोले हल्ली अकोल्याला मुलाकडे राहतात आणि आठवड्यातून एकदा फोन करून मला माझ्याच गावाची बदनामी ऐकवतात. मी मूळची अकोल्याची, नोकरीपायी अमरावतीला चिकटलेली. त्या हाडाच्या अमरावतीकर, साठी उलटल्यावर अकोल्यात जाऊन पडलेल्या. "काय व तुमचं अकोला! उन्हाळ्यात उन्हाळा, अन् हिवाळ्यात बी उन्हाळाच. धूळ तं इतकी का सकाळी झाडलं की दुपारी घरात तूर पेरून घ्या," असं त्यांचं सुरू होतं. मी गावाची बाजू घेऊन चार शब्द बोलून पाहते. पण बेबीताईंपुढे बोलून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि मी काही पहिली ठरणार नाही.

वऱ्हाडात घरटी एक तरी बेबी असते आणि बहुधा ती त्या घरातली सगळ्यात थोराड बाई असते. आमच्या बेबीताईही तशाच. उंच, रुंद, पातळ खोचलेलं, कपाळावर मोठं कुंकू. नवरा गेल्यावरही त्यांनी ते पुसलं नाही. एकदा एका पोक्त बाईने त्यावर नाक मुरडलं तर म्हणाल्या, "कपाळ माहं हाये ना? मंग तुमी तुमचं पाहा."

आमचं समुपदेशन केंद्र एका पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला आहे. दोन खोल्या, एक कूलर, आणि तक्रार अर्जांचं कपाट. घरात मारहाण सोसणाऱ्या बाया इथे येतात. महिन्यातून एकदा इथेच सगळ्यांची बैठक होते. पोलीस असतात, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर असतात, मोफत खटले चालवणाऱ्या वकीलबाई, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, आणि गावातली दोन-चार जाणती माणसं. सरकारी कागदात हिला समन्वय बैठक म्हणतात. मी रुजू झाले त्या महिन्यातली पहिली बैठक मला चांगली आठवते. एका बाईला नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं. पोलिसांनी दवाखान्याचा कागद मागितला, डॉक्टरांनी पोलिसांचं पत्र मागितलं, आणि वकीलबाई म्हणाल्या की दोन्ही आले की माझं काम सुरू. अर्धा तास हे भजन रंगलं. मी नवी, उत्साही. प्रत्येकाचं म्हणणं इतिवृत्तात उतरवून घेत होते.

दाराजवळच्या खुर्चीवर एक धिप्पाड बाई शेंगदाणे खात बसल्या होत्या. पुडी संपली तशी त्यांनी हात झटकले आणि स्टीलच्या पेल्यावर पेन दोनदा वाजवलं.

"चला, सोडा आता गाडी," त्या म्हणाल्या. "ते बाई यावेळी कुठी हाये?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बाहेर बाकावर दोन लेकरांना घेऊन बसली होती, सकाळपासून. बेबीताई उठल्या, तिला आत आणलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आमच्याकडे वळल्या. "हं, आता बोला. हे आमच्याकडं येत नाही म्हून जे सांगून राहिले होते, ते हिच्या तोंडावर सांगा."

दहा मिनिटांत डॉक्टर तिला घेऊन दवाखान्यात निघाल्या आणि हवालदार देशमुख मागून मोटारसायकल काढून गेले. माझं इतिवृत्त मधेच तुटलं, ते तसंच फायलीत आहे.

बेबीताई एसटीत कंडक्टर होत्या. नवरा त्याच डेपोत चालक. तो आजारपणात गेला आणि अनुकंपेवर यांना नोकरी लागली. मोर्शी, वरूड, शेंदूरजनाघाट या रस्त्यावर त्यांची निम्मी हयात गेली. त्या रस्त्यावरचं प्रत्येक गाव, फाटा आणि फाट्यावरचा भजेवाला त्यांना पाठ. निवृत्त झाल्यावर त्यांना आमच्या या बैठकीच्या समितीवर घेतलं ते उगाच नाही. नोकरीत असताना त्यांनी आपल्या गाडीतून कित्येक बायांना सरळ पोलीस चौकीत किंवा स्वतःच्या घरी आणून पोचवलं होतं. तुम्हाला कसं कळायचं, असं मी एकदा विचारलं.

"त्यात काय हाये? माहेरी चालली ते बाई पिशवी घेऊन चढते," त्या म्हणाल्या. "भांडून निंगाली तरी पिशवी असतेच, दोन लुगडे कोंबून. पन एखादी चढते तं हातात काईच नाई. तिले म्हटलं, कुठलं तिकीट देऊ, तं ते माह्याच तोंडाकडं पाह्यते. समोरच्या एकाही गावाचं नाव सुचत नाई तिले. ज्या गावाहून पळाली तेवढंच मालूम हाये."

"मग तुम्ही काय करायच्या?"

"अमरावती देत होती. शेवटचा स्टॉप. दोन घंटे खिडकीतून वारा लागला की मानसाले सुचाले लागते."

निवृत्तीनंतरही त्या दर सोमवारी डेपोच्या उपाहारगृहात जाऊन बसायच्या. नव्या कंडक्टर पोरींना, चालकांना, बाहेरच्या ऑटोवाल्यांना त्यांनी हे पिशवीचं शास्त्र शिकवलं. मी त्यासाठी एक छान छापील नमुना तयार केला होता, आठ रकान्यांचा. बेबीताईंनी तो उलटा करून पाहिला आणि त्यावर आलूबोंडा ठेवला. "फारम नको, फोन करजा," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. फोन येऊ लागले. नमुना एकही भरून आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं होतं हे आज कबूल करायला हरकत नाही.

आलूबोंड्यावरून आठवलं. बेबीताईंचं खाणं हा स्वतंत्र विषय आहे. कुणाच्या डब्यात काय आहे हे त्यांना डबा उघडण्याआधी कळायचं. पाटवडीचा रस्सा असेल तर त्या वाटी घेऊन आधीच शेजारी बसलेल्या. आमचे जीपवाले रफीकभाई ईदला डबा आणायचे तेव्हा बेबीताई आदल्या रात्री जेवतच नसत. "भाभीले सांगजा, मागच्या साली शीरखुर्मा पातळ होता," असं तोंडावर सांगायच्या. रफीकभाई हसत म्हणायचे, "ताई, पातळ होता तं चार वाट्या काहून पेल्या?" गिला वडा, कच्चा चिवडा, भरीत, ठेचा, कशालाच नाही म्हणायचं नाही. खाताना डोळे मिटून घ्यायच्या आणि त्या वेळात कुणी कामाचं बोललं तर ऐकू येत नसे.

अशी ही बाई गृहभेटीला गेली की त्या घरात पाण्याचा घोटही घेत नसे.

गृहभेट म्हणजे अर्ज आल्यावर आम्ही दोघं-तिघं सासरी जातो, सगळ्यांशी बोलतो, घर पाहतो आणि अहवाल लिहितो. आता वऱ्हाडात एखाद्याच्या घरी जायचं आणि पाणी घ्यायचं नाही म्हणजे भांडण करायला आलो असंच समजतात. माणूस वैरी असला तरी त्याच्यापुढे आधी तांब्या येतो, मग गोष्टी. बेबीताई निघण्याआधी स्वतः पोटभर जेवायच्या, आम्हालाही जेवायला लावायच्या, आणि बसताना स्वतःची बाटली मांडीशी ठेवायच्या. रस्त्यात उशीर झाला असेल तर गावाच्या अलीकडे निंबाखाली जीप थांबवून डबे उघडायचे. भरल्या पोटाचा माणूस खरं ऐकतो, असं त्यांचं म्हणणं.

शेंदूरजनाघाटला एका संत्र्याच्या बागाइतदाराकडे आम्ही गेलो होतो. घर मोठं, सासूबाई बोलक्या. तांब्या आला, बेबीताईंनी हात जोडले. चहा आला, हात जोडले. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"पानी बी पेत नाई आमच्या घरचं? आमी काय वैरी हाओ तुमचे?"

"वैरी असत्या तं पेली असती बाई," बेबीताई म्हणाल्या. "तुमी कोन हा, तेच अजून मले समजाचं हाये."

दीड तास चौकशी झाली. निघताना पाहतो तर जीपच्या मागच्या बाजूला संत्र्यांची टोपली. रफीकभाई म्हणाले, "ताई, माल एक नंबर हाये." बेबीताई टोपलीपाशी गेल्या. एक संत्रं उचललं, नाकाशी नेलं, आणि इतका लांबलचक सुस्कारा टाकला की मला वाटलं आज नियम मोडणार. मग त्यांनी ते परत ठेवलं आणि रफीकभाईंना टोपली ओट्यावर नेऊन ठेवायला सांगितली. वरूडला पोचल्याबरोबर स्टँडवर उतरून स्वतःच्या पैशाने संत्री घेतली. परतीच्या वाटेवर आठ खाल्ली आणि बिया खिडकीतून उडवत राहिल्या, अमरावतीपर्यंत.

त्याच परतीच्या वाटेवर मी जरा धीर करून म्हटलं की ताई, हे थोडं उद्धट दिसतं. निदान पाणी घ्यायला काय हरकत आहे?

त्यांनी उरलेली फोड तोंडात टाकली.

"मी जेवली व एका घरी," त्या म्हणाल्या.

मी यायच्या आधीची गोष्ट. समितीवर आल्याचं त्यांचं पहिलंच वर्ष. नांदगाव पेठेच्या पलीकडच्या एका गावातून वैशाली नावाच्या सुनेचा अर्ज आला होता. नवरा मारतो, सासू घरात कोंडते, असं. बेबीताई, पर्यवेक्षिका आणि एक शिपाई अशी तिघं गेली. पोळ्याचे दिवस होते. सासूने पाट मांडले आणि पुरणपोळीचा बेत समोर आला. तूप चमच्याने नाही, वाटीने.

"मी एकडाव नको म्हटलं," बेबीताई म्हणाल्या. "पुरनपोळी दिसल्यावर दुसऱ्यांदा 'नको' माह्या तोंडातून निंगत नाई. बसली. वाढून कोन राहिली होती? तेच पोरगी. वैशाली. पदर डोक्यावर, खाली मान. मी दुसरी पोळी मागून घेतली. मंग हात धुतले, पान खाल्लं, अन् समोरच्या खोलीत सासू, सासरा, नवरा सारे बसले असताना तिले विचारलं, काई तरास हाये का पोरी? तिनं मान हालवली. नाई म्हने."

अहवालात लिहिलं गेलं की कुटुंबात सलोखा आढळला. पहिली सही बेबीताईंची.

चार महिन्यांनी वैशाली सरकारी दवाखान्यात आली. डावा हात मोडलेला. विहिरीवर घसरले असं तिने डॉक्टरांना सांगितलं. बेबीताई तिला भेटायला गेल्या. सासू औषधं आणायला बाहेर गेली तेवढ्यात वैशाली म्हणाली, अगदी शांतपणे, रागाचा लवलेश नाही, "ताई, पोळी वाढताना मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. तुमी ताटात पाहून राहिल्या होत्या."

आणि ती सासूबरोबर घरी परत गेली.

हे सांगताना बेबीताईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. रफीकभाईंनी विनाकारण हॉर्न वाजवला. नियम मार्गदर्शक सूचनांत घालावा म्हणून मी पुढे एक वाक्य तयार केलं, 'गृहभेटीदरम्यान संबंधित कुटुंबाकडून खानपान स्वीकारू नये.' बेबीताईंना वाचून दाखवलं तर हसल्या. "इतकं कोरडं लिहिशीन तं कोन पाळन? असं लिह्य, आधी आपल्या घरून जेवून जा."

पण त्यांच्या दृष्टीने नियम करून भागलं नव्हतं. वैशाली अजून त्याच घरात होती. तिने पुन्हा अर्ज केला नाही. पर्यवेक्षिका गावात गेल्या तर ती दाराआड व्हायची. आमच्यापैकी कुणावरही तिचा विश्वास उरला नव्हता, आणि त्यात तिचं काय चुकलं? बेबीताईंना रात्री झोप लागत नाही असं अकोल्याहून आलेली त्यांची सून मला म्हणाली होती.

हात बरा झाल्यावर वैशाली एमआयडीसीतल्या एका कापड कंपनीत शिलाईला जाऊ लागली. नवऱ्याला पगार हवा होता म्हणून परवानगी मिळाली. हे कळल्या दिवसापासून बेबीताई दर गुरुवारी दुपारी चारच्या आधी कंपनीच्या गेटासमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसू लागल्या. पाळी सुटायची, बाया बाहेर पडायच्या, वैशाली समोरून जाऊन गावाच्या ऑटोत बसायची. झालं. बेबीताई उठायच्या आणि परत यायच्या.

"बोलता का तिच्याशी?" मी विचारलं.

"नाई."

"मग नुसतं बसून काय होणार?"

"हे पाह्य, प्रवासी कवा हात दाखवते ते प्रवाशाच्या मनावर हाये. गाडी रोज वेळेवर आली पायजे. एक दिस नाई आली तं मानूस दुसऱ्या दिशी फाट्यावर उभाच राहत नाई."

एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा त्या तिथे बसल्या. छत्री घेऊन, शाल घेऊन. टपरीवाल्याला त्या कामगार खात्याच्या साहेबीण वाटल्या, तर गेटवरच्या पहारेकऱ्याने त्यांना गुप्तचर विभागाच्या ठरवलं आणि तो त्यांना सलाम ठोकू लागला. बेबीताईंनी दोघांचाही गैरसमज दूर केला नाही. एकाकडून चहा जरा दाट मिळायचा आणि दुसऱ्याकडून खुर्ची. माझ्या मासिक अहवालात या गुरुवारांचं काय लिहायचं हा मला प्रश्न पडायचा. मी 'पाठपुरावा चालू' असं लिहीत गेले.

थंडी ओसरत आली होती तेव्हाची गोष्ट. गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"रफीकले घेऊन निंग," पलीकडून बेबीताई म्हणाल्या. "बसली."

वैशाली नेहमीप्रमाणे गेटातून बाहेर आली, ऑटोपर्यंत गेली, थांबली, आणि मागे वळून बाकावर बेबीताईंच्या शेजारी येऊन बसली. हातात रिकामा डबा तेवढा. बेबीताईंनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने वैशाली म्हणाली, "ताई, आज मले घरी जाचं नाई." त्यावर बेबीताईंनी तिला का विचारलं नाही, काय झालं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पोरगी कुठी हाये?"

पोरगी शाळेत होती. दुसरीत. गावची शाळा पाचला सुटत होती आणि आजी तिला न्यायला रोज दारात उभी राहत होती. आजीने एकदा पोरगी घरात नेली की वैशाली परत येणार हे त्या घराला ठाऊक होतं, वैशालीलाही ठाऊक होतं. सगळं त्या पन्नास मिनिटांवर होतं.

आणि मी काय विचारलं? तिचा लेखी अर्ज घेतला का, असं विचारलं. बेबीताईंनी मला शिवी दिली नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा. "पोरगी हाती येऊ दे, मंग दोघी मिळून लिहून देतीन," म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढचे फोन त्यांनी टपरीवरूनच केले. पर्यवेक्षिकांनी गावातल्या अंगणवाडीसेविकेला कळवलं. ती बिचारी स्वयंपाकाचा गॅस बंद करून शाळेत धावली आणि दुसरीच्या वर्गात त्या पोरीशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली. हवालदार देशमुखांनी मात्र अडचण काढली. कंपनी एका ठाण्याच्या हद्दीत, गाव दुसऱ्या.

"हद्दीचं मंग पाहू, देशमुख," बेबीताई म्हणाल्या. "शाळेची घंटा काई तुमच्या हद्दीसाठी थांबत नाई."

रफीकभाईंनी त्या दिवशी जीप कशी चालवली ते मी त्यांच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. आम्ही शाळेपाशी पोचलो तेव्हा पाचला पाच कमी होते. बेबीताई आणि वैशाली ऑटोतून उतरत होत्या. सासू फाटकात उभी होती, भोवती आणखी दहा-बारा बायामाणसं, आपापली लेकरं न्यायला आलेली. तिने सुनेला पाहिलं, मग बेबीताईंना पाहिलं, आणि ओळखलं.

"तुमी?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुमी तं आमच्या घरी जेवून गेल्या होत्या! आमचं मीठ खाऊन आमच्याच सुनेले पळवून राहिल्या?"

भोवतीची माणसं वळून पाहू लागली. हा आरोप आमच्या भागात साधा नाही. मीठ खाल्लं म्हटल्यावर माणसाची मान खाली गेलीच पाहिजे. मी बेबीताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हो, जेवली ना," त्या म्हणाल्या. "दोन पोळ्या खाल्ल्या. पन पुरन कोनं शिजवलं होतं? लाटल्या कोनं? वाढल्या कोनं? तुमी तं पाटावर बसून बोलून राहिल्या होत्या. मी मीठ हिचं खाल्लं. म्हून तं आज हिच्यासंगं आली. उशिरा आली, तेवढंच चुकलं."

गर्दीतल्या एका म्हातारीने "बराबर हाये" म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, पण म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली, पोरांचा लोंढा बाहेर आला आणि त्यात अंगणवाडीसेविकेचं बोट धरून वैशालीची मुलगी. सासू पुढे सरकली. त्याच वेळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. देशमुख, पूर्ण गणवेशात, स्वतःच्या हद्दीच्या चांगले तीन किलोमीटर बाहेर. ते नुसते उतरून उभे राहिले. मुलगी धावत आईकडे गेली आणि म्हणाली, "आई, आज तू आली?" वैशालीने तिला उचलून घेतलं. दुसरीतली पोरगी काही हलकी नसते, पण जीपमध्ये बसेपर्यंत तिने तिला खाली ठेवलं नाही.

त्यानंतरचं सगळं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. नवरा दोनदा केंद्रावर येऊन आरडाओरड करून गेला, तारखा पडत राहिल्या, वैशालीच्या भावाने महिनाभर तिला ठेवून घेतलं आणि मग कुरकुर सुरू केली. पण कोर्टाने नवऱ्याला तिच्या आसपास फिरकायची मनाई केली. नांदगाव पेठेत तिने खोली घेतली. मुलगी तिथल्या शाळेत जाऊ लागली. वैशाली पुढे आपल्या पाळीतल्या बायांची म्होरकी झाली आणि वर्षाच्या आत त्यांच्या वतीने आमच्या बैठकीला येऊन बसू लागली. सुरुवातीला ती काही बोलत नसे. विचारलं तर 'हो' किंवा 'नाही', तेही मान हलवून.

बेबीताई अकोल्याला जायच्या आधीची त्यांची शेवटची बैठक. त्या दिवशी तीन नवे सदस्य आले होते. नवे सदस्य आले की बेबीताई त्यांना आपल्या चुकीची गोष्ट सांगत. ही आमची ठरलेली शिक्षा होती. पोळ्याचे दिवस, मांडलेले पाट, तुपाची वाटी, सगळं साग्रसंगीत, आणि शेवटी स्वतःच्या कपाळावर हात. आम्हाला ती पाठ होती. देशमुखांनी डुलकीची तयारी केलेली मला दिसली.

"तं सासूनं पाट मांडले," बेबीताईंनी सुरुवात केली.

"ताई, तुमी बसा," वैशाली म्हणाली.

देशमुख जागे झाले.

"अवं, मी सांगून राहिली ना..."

"दर डाव तुमीच सांगता. अन् दर डाव तुमच्या पोळीपासून सुरू करता. गोठ माही हाये ना? मंग मी सांगतो."

ती उभी राहिली. "तुमी जेवल्या म्हून मी 'नाई' म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमी यायच्या आधी सासूनं माही पोरगी दुसऱ्या गावी नणंदेकडं पाठवून देली होती. मले म्हने, पाहुन्यापुढं तोंड उघडलं तं पोरगी परत येनार नाई. घरात बाहुली पडली होती, पोरीचे कपडे दोरीवर वाळत होते. पोरगी कुठी हाये, असं तिघातल्या एकानं बी विचारलं नाई. तुमी उपाशी बसल्या असत्या तरी मी नाईच म्हटलं असतं. म्हून नव्या लोकाईले सांगतो, घरात शिरल्यावर आधी लेकरं कुठी हायेत ते पाहा. बाईले काय विचाराचं ते मंग."

मी लिहायची थांबले होते. इतकी वर्षं ज्या दोन पोळ्यांसाठी बेबीताईंनी स्वतःला माफ केलं नव्हतं, त्या त्यांची चूक नव्हत्याच. खरी चूक दुसरीच होती, आणि ती त्यांना आज पहिल्यांदा कळत होती, सगळ्यांसमोर, खुद्द वैशालीकडून. मला त्यांची काळजी वाटली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वैशालीकडे पाहत होत्या, एकटक, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा ताई," वैशाली त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "माहं अजून झालं नाई."

बेबीताईंनी तोंड मिटलं, खुर्ची जरा पुढे ओढली आणि ऐकत बसल्या.